तीन रविवार आणि एक तुटलेला बोल्ट

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही समजेल. गाडी २०१२ची, चार सिलिंडरची पेट्रोल, एक लाख दहा हजार किलोमीटर झालेली. ओंकारेश्वरहून परत येताना भेरूघाटात तापमानाचा काटा लाल रेघेकडे गेला. कुणीतरी सांगितलं, थर्मोस्टॅट बदला, म्हणजे इंजिन तापलं की गार पाण्याची वाट उघडणारी झडप. पहिल्या रविवारी इंदूरच्या सुदामा नगरात घरासमोरच्या गल्लीत तुम्ही काम काढलंत आणि थर्मोस्टॅटच्या झाकणाच्या दोन बोल्टांपैकी एक आतच तुटला. दुसऱ्या रविवारी एक्स्ट्रॅक्टरचा, म्हणजे तुटक्या बोल्टात भोक पाडून तो फिरवायच्या सळयांचा, सेट आणलात, भोक पाडायला घेतलंत, ते तिरकं जातंय असं दिसलं म्हणून थांबलात. तिसऱ्या रविवारी गाडीजवळ जायची इच्छाच झाली नाही. आता ती ताडपत्रीखाली उभी आहे, वडील म्हणतात ‘मेकॅनिकला दे आणि मोकळा हो’, आणि तुमचे प्रश्न दोन आहेत: कोणता एक्स्ट्रॅक्टर चांगला, आणि आपला हात या कामाचा नाही असं समजून सोडून द्यावं का?

मी इंदुरात अठ्ठावीस वर्षं गॅरेज चालवतोय. त्याआधी सहा वर्षं उस्तादांच्या हाताखाली होतो. माझ्याकडे दर महिन्याला एखादी तरी गाडी टो होऊन येते, जिचं काम घरी सुरू झालेलं असतं. मालक मान खाली घालून उभा असतो. मला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. ज्याला स्वतःच्या गाडीच्या पोटात काय आहे ते बघावंसं वाटतं, असा माणूस मला आवडतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: एक्स्ट्रॅक्टर वापरूच नका. कोणत्याही कंपनीचा नको. जो बोल्ट सहा मिलिमीटरच्या पूर्ण अंगानिशी फिरला नाही, डोकं तुटेपर्यंत फिरला नाही, तो तीन मिलिमीटरच्या सळईने कसा फिरेल? त्यातून एक्स्ट्रॅक्टर निमुळता असतो. तो जसजसा आत जातो तसतसा बोल्टाला बाहेरच्या बाजूला फुगवतो, म्हणजे बोल्ट आणखी घट्ट बसतो. आणि एक्स्ट्रॅक्टरचं पोलाद फार कडक असतं, त्यामुळे ठिसूळही. तो आत तुटला की साधा ड्रिल त्याच्यावर नुसता घसरतो आणि बाजूचं मऊ ॲल्युमिनियम खाऊन टाकतो. एक साधं काम तिथून पुढे खरादवाल्याचं, म्हणजे लेथ मशीनवाल्याचं, काम होऊन बसतं. भोक तिरकं जातंय हे दिसल्यावर तुम्ही थांबलात, ही या तीन रविवारांतली सगळ्यांत चांगली गोष्ट आहे. ज्याचा हात या कामाचा नाही तो तिथे थांबत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. उस्तादांकडे मला वर्ष-सव्वा वर्ष झालं होतं. एका टॅक्सीच्या हेडमधला, म्हणजे इंजिनच्या सिलिंडरांवरच्या झाकणातला, तुटका बोल्ट काढायला त्यांनी मला सांगितलं आणि ते जेवायला गेले. मी एक्स्ट्रॅक्टर लावला, नळी घालून पाना लांब केला आणि ‘टक्’ असा आवाज आला. तो आवाज अजून कानात आहे. उस्ताद परत आले, वाकून बघितलं, एक शब्द बोलले नाहीत. हेड उतरवून खरादवाल्याकडे गेलं. टॅक्सीवाल्याचे तीन दिवस बुडाले, ते उस्तादांनी त्याला भरून दिले. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्यासमोर भंगारातून आणलेला एक ॲल्युमिनियमचा इंजिनचा तुकडा ठेवला. त्यात बारा गंजलेले बोल्ट होते. म्हणाले, ‘बारा निकालना है, एक भी टूटना नहीं चाहिए.’ मला चार दिवस लागले. पहिले दोन तुटले, बाकीचे दहा निघाले. बोल्ट सुटायच्या आधी हाताला काय सांगतो ते मी त्या चार दिवसांत शिकलो, आणि त्यानंतर इतक्या वर्षांत तितकं एकदम कधी शिकलो नाही.

बोल्ट सांगतो म्हणजे काय? तुमचा दुसरा बोल्ट निघालाय ना, तो हातात घ्या आणि उजेडात धरा. त्याच्या आट्यांमध्ये पांढरट पूड भरलेली दिसेल. बोल्ट पोलादाचा, तो ज्यात बसतो ते घर ॲल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू आणि मध्ये झिरपलेलं पाणी, म्हणजे एक छोटी बॅटरीच झाली. त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्याची पांढरी पूड तयार होते. ती पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि बोल्टाला चहूबाजूंनी आवळून धरते. इतकी वर्षं हे चाललंय. त्याला तुम्ही दहा मिनिटांत सोडवायला गेलात. तुम्ही काही वेगळं केलं नाहीत, पहिल्यांदा सगळेच असं करतात.

आता जोराचा हिशेब बघा. एम ६ बोल्ट, म्हणजे ज्याला दहाची गोटी (सॉकेट) लागते, तो साधारण १० न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. तुमच्या रॅचेटची दांडी पंचवीस सेंटिमीटर असेल तर टोकाशी फक्त चार किलोचा जोर लागतो. चार किलो म्हणजे भाजीची भरलेली पिशवी. जो बोल्ट पंधरा-वीस न्यूटन-मीटरच्या आसपास तुटू शकतो, आणि गंजलेला असेल तर त्याच्याही आधी, त्याला सहा-आठ किलोच्या जोरात तुम्ही संपवता. खांद्याला तर कळतही नाही. म्हणून आमच्याकडे नव्या पोराला छोट्या बोल्टांसाठी पाव इंचाची रॅचेट किंवा आखूड रिंग पाना देतात, लांब दांडी हातात देतच नाहीत. मनगटाने सुटत नसेल तर पाना खाली ठेवायचा, हा गॅरेजमधला नियम आहे. आणि सोडवायला सुरुवात उलटी करायची: आधी बोल्ट किंचित आवळायचा, केसभर. त्याने पुडीची पकड मोडते. मग किंचित सोडायचा, परत किंचित आवळायचा. निघणारा बोल्ट ‘कर्र’ असा कोरडा आवाज करतो आणि जागा सोडतो. तुटणारा बोल्ट आवाज करत नाही. तो रबरासारखा फिरायला लागतो, थोडं जाऊन परत मागे येतो. हाताला तसं लवचिक लागलं की त्या क्षणी थांबायचं. तुमचा बोल्ट तुटायच्या आधी असंच लागलं असणार, आठवून बघा.

आता जो तुकडा आत आहे त्याचं काय करायचं, हे तुम्ही न लिहिलेल्या एका गोष्टीवर अवलंबून आहे: तुकडा किती बाहेर आहे? झाकण काढल्यावर चार-पाच मिलिमीटर जरी वर दिसत असेल तर घरी निघण्याची आशा बऱ्यापैकी आहे. गंज सोडवायचं तेल संध्याकाळी दोन थेंब, सकाळी दोन थेंब, असं दोन दिवस सोडा. डब्ल्यूडी-४० सगळीकडे मिळतं, पण ते मुळात ओल हटवण्यासाठी बनवलंय. ‘डब्ल्यूडी’ म्हणजेच पाणी हटवणारं, आणि चाळीसाव्या प्रयत्नाला जमलं म्हणून ४०. चालतं, पण खास गंज सोडवणारं तेल मिळालं तर ते आणा. दोन दिवसांनी हीट गनने बोल्टाच्या आजूबाजूचं ॲल्युमिनियम तापवा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे भोक बोल्टापेक्षा जास्त मोठं होतं आणि पकड सैल पडते. मग लॉकिंग पकडीने तुकडा धरून तेच: किंचित आवळा, किंचित सोडा. तेल पुसून मगच तापवा, आणि पेट्रोलच्या नळ्यांजवळ गॅसची ज्योत अजिबात नेऊ नका.

तुकडा पृष्ठभागाच्या बरोबरीने तुटला असेल तर मात्र घरी त्याला हात लावू नका. वेल्डिंगवाल्याला बोलवा. तो तुकड्यावर एक नट ठेवतो, नटाच्या भोकातून वेल्ड भरतो आणि नट तुकड्याला चिकटतो. वेल्डच्या आचेने बोल्ट लालभडक होतो, नंतर गार होताना आकसतो आणि पुडीची पकड तुटते. गार झाल्यावर साध्या पान्याने नट फिरवला की अख्खा तुकडा नटासकट बाहेर येतो. पहिल्यांदा बघाल तेव्हा विश्वास बसणार नाही. कधी कधी नट दोन-तीनदा चिकटवावा लागतो, तेवढं चालतं. बोलावताना ‘ॲल्युमिनियममधला तुटका बोल्ट काढायचाय’ असं स्पष्ट सांगा, म्हणजे तो नुसता ग्रिलवाला असेल तर स्वतःच नाही म्हणेल. बॅटरीच्या दोन्ही तारा आधी काढा आणि इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्लगही सोडवा. आणि आणखी एक बघा: थर्मोस्टॅटचं खालचं घर हेडमध्येच ओतलेलं आहे की तेही वेगळं बोल्टांनी बसवलंय? वेगळं असेल तर सगळं घरच उतरवून खरादच्या दुकानात टेबलावर काम होईल. तिथे तिरक्या भोकाचाही बंदोबस्त होतो आणि आटे गेले असतील तर नवीन आट्यांची कॉइल बसवून मिळते. गाडी तशीच चालवत मात्र नेऊ नका, आत कूलंट नाहीये.

बोल्टाचं एवढं. पण खरं सांगू का, तुमचा मूळ प्रश्न बोल्टाचा नाहीच. बोल्ट आज ना उद्या निघेल, नवीन थर्मोस्टॅट बसेल, आणि पुढच्या वेळी भेरूघाटात काटा परत वर जाईल, असं झालं तर? गाडी का तापली हे तुम्हाला अजून माहीत नाही. तुम्ही तपासणी न करता दुरुस्ती सुरू केलीत. घरी काम करणाऱ्याचे जास्तीत जास्त रविवार इथेच वाया जातात. पाना धरता येत नाही म्हणून सहसा जात नाहीत. माझ्याकडे टो होऊन येणाऱ्या गाड्यांमध्ये मालकाने बदललेला पार्ट चांगला होता, असं कितीतरी वेळा निघतं.

म्हणून मला तुम्हाला विचारायचंय: गाडी सिग्नलला उभी असताना काटा कुठे असतो? पलासियाला गर्दीत अडकलात, एसी चालू आहे, काटा चढतो आणि गाडी चालायला लागली की उतरतो, असं होत असेल तर संशय रेडिएटरच्या पंख्यावर. चालत्या गाडीला वारा मिळतो, उभीला पंखाच देतो. भेरूघाटातही तुम्ही ट्रकमागे दुसऱ्या गिअरमध्ये मुंगीच्या चालीने चढत असाल तर तिथेही वारा नव्हताच, वर इंजिनवर पूर्ण भार. अशा वेळी पंखा बंद असेल तर थर्मोस्टॅट नवा असो की जुना, काटा चढणारच. उलट सिग्नलला काटा जागेवर राहतो, आणि मोकळ्या रस्त्यावर वेगात किंवा चढावर चढतो, तर रेडिएटर आतून बुजलाय, किंवा बाहेरून एसीच्या जाळीआड मातीने भरलाय, किंवा थर्मोस्टॅट अर्धाच उघडतोय. काटा अचानक उड्या मारतो आणि हीटरमधून मध्येच गार हवा येते, तर पाणी कमी आहे आणि आत हवा अडकली आहे. मग पाणी जातंय कुठे, हा पुढचा प्रश्न. या तीन गोष्टींत फरक करायला एकही बोल्ट सोडवावा लागत नाही. बसून गाडी चालवायची आणि काट्याकडे बघायचं. तुमचं आता चालवणं बंद आहे, पण गेल्या सहा महिन्यांचं आठवा. घरच्यांनाही विचारा, शेजारी बसणाऱ्याच्या लक्षात कधी कधी जास्त असतं.

हेड पॅकिंग, म्हणजे हेड आणि इंजिनच्या मधली गॅस्केट, गेलंय अशी भीती अशा वेळी सगळ्यांनाच वाटते, म्हणून त्याबद्दलही सांगतो. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट-पांढरी मलई दिसली की लोक घाबरतात. हिवाळ्यात रोज दोन किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्या गाडीत ती नुसत्या दमटपणाने जमते, कारण इंजिन पुरतं तापतच नाही. डिपस्टिक काढून बघा. तिच्यावरचं ऑइल स्वच्छ असेल तर बहुतेक काही झालेलं नाही. डिपस्टिकवरही ऑइल दुधाळ असेल, रेडिएटरात इंजिन चालू करताच बुडबुडे येत असतील, कूलंट कमी होत असेल आणि गळती कुठेच दिसत नसेल, तर मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासायचं. चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, एकेका सिलिंडरचा आकडा घ्यायचा. आकडा किती यापेक्षा चारांत फरक किती हे महत्त्वाचं. साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तिथे काहीतरी आहे. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून परत मोजा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा पॅकिंग. शेजारशेजारचे दोन सिलिंडर दोन्ही कमी, तर मधल्या जागेचं पॅकिंग. हे तपासणं घरी जरूर करा. पण निदान पॅकिंगचं निघालं तर हेड गल्लीत उघडू नका. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी कसला वारा सुटतो ते तुम्हाला माहीत आहे, आणि उघड्या सिलिंडरमध्ये गेलेली धूळ म्हणजे आतून सँडपेपर. शिवाय हेड वाकलंय का ते बघून घासून घ्यायला नाहीतरी मशीनवरच जावं लागतं.

वडिलांचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. घरात एकच गाडी असेल, आई-वडिलांना दवाखान्यात न्यायला तीच लागत असेल, तर उघडं इंजिन तीन आठवडे दारात असणं घरच्यांना जड जाणारच. घरी काम करायचं की नाही हे निम्मं यावरच ठरतं. दुसरं वाहन आहे का, पक्की फरशी आहे का, काम चालू असताना घरात दुसरं माणूस आहे का, या तिन्हींचं उत्तर होकारार्थी असेल तर कूलंट, थर्मोस्टॅट, प्लग, बेल्ट, ऑइल ही कामं खुशाल करा. नसेल तर प्लग आणि एअर फिल्टरवर थांबा, त्यात कमीपणा नाही. टायमिंग बेल्ट मात्र शिकवणारं कुणी शेजारी उभं असल्याशिवाय नको. दोन दाते चुकले तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतात.

फरशीचं मुद्दाम सांगतो, कारण कूलंट काढायला तुम्ही खाली गेला असणार. माळव्याची काळी माती कोरडी असताना दगडासारखी असते आणि एक सर आली की लोणी होते. तिच्यावर लावलेला जॅक हळूहळू एका बाजूला रुततो, डोळ्यांना कळतही नाही. जॅकखाली जाड फळी, मागच्या चाकांना दगड किंवा विटा, आणि जॅकच्या शेजारी घोडी, म्हणजे गाडी पेलणारा लोखंडी स्टँड, लावल्याशिवाय गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, डोकं तर नाहीच. याबाबतीत मी माझ्या पोरांना ओरडतो, बाकी कशाला ओरडत नाही.

दुसरं, काम रविवारी सकाळी काढू नका. शनिवारी दुपारी काढा. रविवारी काही तुटलं की सियागंज बाजार बंद, छोट्या ग्वालटोलीतली पार्टची बरीचशी दुकानं बंद, आणि मग माणूस हातात आहे त्याने जुगाड करायला जातो. शनिवारी चार वाजता बोल्ट तुटला तर तो खिशात घालून दुकानात जाता येतं, खरादवाल्याला विचारता येतं. पार्ट आणायला जाताना जुना पार्ट आणि चेसिस नंबर दोन्ही न्या. एकाच मॉडेलमध्ये सालाच्या मध्यावर पार्ट बदललेले असतात, आणि थर्मोस्टॅट दोन मिलिमीटरने मोठा निघाला की तुमचा आख्खा दिवस जातो.

व्हिडिओत हे काम वीस मिनिटांत झालं असं तुम्ही लिहिलंय. माझा भाचा पिथमपूरला गाड्यांच्या असेंब्ली लाइनवर आहे. तिथे प्रत्येक बोल्ट नवा, प्रत्येक आटा स्वच्छ, आणि बोल्ट आवळायची बंदूक ठरलेल्या जोरावर आपोआप थांबते. मॅन्युअलमधला वेळ साधारण तशा स्वच्छ गाडीचा असतो. इतकी वर्षं माळव्याच्या धुळीत आणि पावसात चाललेल्या गाडीला तो लागू होत नाही. मी स्वतः असं काम घेतो तेव्हा गिऱ्हाइकाला दीड तास सांगतो, आणि गंज दिसला तर ‘उद्या या’ म्हणतो. रात्रभर तेल मुरवणं हे कामच आहे, त्याला वेळ वाया गेला असं मी समजत नाही.

बोल्ट निघाला, तर बसवताना या गोष्टी बघा. थर्मोस्टॅटच्या कडेला एक बारीक भोक आणि त्यात लटकणारी पिन असते. ती वरच्या बाजूला, घड्याळाच्या बाराच्या जागी ठेवायची. तिथून अडकलेली हवा निसटते. स्प्रिंगची बाजू इंजिनकडे. झाकणाची जागा लाकडी पट्टीने साफ करा, पेचकसने खरवडू नका, ॲल्युमिनियमवर चरा पडला की तिथून झिरपतं. दोन्ही बोल्ट नवे घ्या, आट्यांवर अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट) लावा, तेही आट्यांपुरतंच. अँटी-सीझ लावलेला बोल्ट ठरलेल्या जोराच्या थोडा आधीच पुरेसा आवळला जातो, हे लक्षात ठेवा. एकदम एक बोल्ट पूर्ण आवळू नका, दोन्ही आलटून पालटून.

पाण्याबद्दल आमचं इंदूर स्वतःला फार सुखी समजतं, नर्मदेचं पाणी सत्तर किलोमीटरवरून जलूदहून चढवून येतं. प्यायला चांगलं, रेडिएटरला नको. बोअरचं तर मुळीच नको. पाण्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत किटलीतल्यासारखा बसतो, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत तुमचा रेडिएटर अर्धा बुजतो. तुम्ही घाटात वर नळाचं पाणी घातलं असेल तर सगळं काढून टाका. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं, किंवा तयार मिसळलेलं कूलंट घ्या. काढलेलं कूलंट भांड्यात धरून झाकून ठेवा. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री-मांजरं ते चाटून मरतात. नाल्यात ओतू नका, ओळखीच्या गॅरेजमध्ये नेऊन द्या. भरताना गाडीचं नाक थोडं वर, हीटर पूर्ण गरमवर, आणि रेडिएटरचं झाकण फक्त गार इंजिनला उघडायचं. गरम इंजिनचं झाकण उघडून चेहरा भाजलेला माणूस मी समोर बघितलाय, त्यावर आणखी लिहीत नाही. इंजिन चालू ठेवा, पंखा दोनदा लागून बंद होऊ द्या, पाणी खाली जाईल तसं भरा. पंखा लागलाच नाही आणि काटा चढत राहिला, तर लगेच इंजिन बंद करा. तुमचं निदान तुम्हाला मिळालं.

आता एक काम आजच करण्यासारखं आहे, त्याला गाडी लागत नाही. जुना थर्मोस्टॅट फेकला नसेल तर तो शोधा. त्याच्या अंगावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असेल. स्वयंपाकात परत कधी वापरायचं नाही असं एखादं जुनं भगोणं घ्या, पाणी भरा, थर्मोस्टॅट दोऱ्याने मधोमध लटकवा, तळाला टेकू देऊ नका, आणि शेजारी थर्मामीटर धरून मंद आचेवर ठेवा. आकड्याच्या दोन-तीन अंश इकडे-तिकडे त्याची चकती हळूच उचलायला लागली पाहिजे. ८२चा असेल तर पंचाण्णवपर्यंत साधारण आठ मिलिमीटर उघडलेला दिसेल. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, आपल्याकडे पाणी ९८च्या आसपासच उकळतं, म्हणून ८८वाला पूर्ण उघडलेला दिसला नाही तर घाबरू नका, उघडायला लागला का तेवढंच बघा. उकळत्या पाण्यातही तो तोंड मिटून राहिला तर ज्याने तुम्हाला सांगितलं त्याचा अंदाज बरोबर होता, नवा थर्मोस्टॅट बसवा आणि गाडी रस्त्यावर आणा. छान उघडला तर दोष दुसरीकडे आहे, आणि तेव्हा वेल्डिंगवाल्याला बोलवायच्या आधी पंख्याला बॅटरीवरून सरळ १२ व्होल्ट देऊन तो फिरतो का ते बघा. काय निघालं आणि तुकडा किती मिलिमीटर वर आहे, दोन्ही मला लिहा. तुकड्याचा फोटो वरून आणि बाजूने, असे दोन पाठवा.